आत शिरणारी हवा

खोली बघायला मी पहिल्यांदा गेले तेव्हा काकांनी मला कपाट दाखवलं नाही, खिडकी दाखवली नाही, वायफायचा पासवर्डही सांगितला नाही. मला खोलीच्या मधोमध उभं केलं आणि म्हणाले, "आता बोलू नकोस. काही ऐकू येतंय का?"

मी कान दिला. खाली पोरं बास्केटबॉल आपटत होती. लिफ्टचं दार बंद झालं.

"काही नाही," मी म्हणाले.

"बाथरूमकडे तोंड कर. आता?"

तरी काही नाही. काकांचा चेहरा पडला, आणि त्यांना सुटल्यासारखंही झालं. फ्लशच्या टाकीतून केसाएवढी धार झिरपतेय असा त्यांना बरेच दिवस संशय होता. प्लंबर येऊन "नो लीक, अंकल" म्हणून गेला होता. काकूंना ऐकू येत नव्हतं. आता मलाही येत नव्हतं.

"मग माझ्या कानातच असेल," ते म्हणाले, पण जाता जाता टाकीचं झाकण उचलून त्यांनी आत बघितलंच.

स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला, "अहो, पोरीला खोली द्यायचीय की नोकरीला ठेवायचंय?"

मी तेव्हा पुण्याहून सिंगापूरला नुकतीच आले होते. चांगी बिझनेस पार्कमधल्या एका बँकेत सॉफ्टवेअर तपासण्याचं काम होतं. टॅम्पिनीसमधला हा फ्लॅट ऑफिसला जवळ, माणसं मराठी, जेवण घरचं. मी होकार दिला. त्या घरात मी राहिले ती लग्न होईपर्यंत, आणि त्यानंतरही शनिवार-रविवार तिथेच असायची. माझ्या नवऱ्याला काकांनी पहिल्या भेटीत विचारलं होतं, "तुम्ही दार लावल्यावर किती वेळा ओढून बघता?" तो म्हणाला, "बघत नाही." काकांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मला माझ्या निर्णयाचा फेरविचार करावासा वाटला.

काका जुरोंग आयलंडवरच्या एका रिफायनरीत इंजिनिअर होते. जन्मभर कंपनीच्या बसने, गळ्यात पास अडकवून गेले आणि आले. त्यांच्याकडे व्हॅक्यूम युनिट होतं. म्हणजे काय, हे त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात पोहे खाता खाता समजावलं. एका उंच मनोऱ्यातली हवा काढून घेतात, मग जड तेलसुद्धा कमी आचेवर उकळतं. पण त्या मनोऱ्याला कुठे बारीकसं भोक पडलं, तर तेल बाहेर येत नाही. बाहेरची हवा आत शिरते. आत उकळतं तेल, त्यात हवा...

पुढचं वाक्य ते कधी पुरं करत नसत. चमचा खाली ठेवून म्हणत, "बाहेर गळणारं बरं. वास येतो, डाग पडतो, कोणीतरी ओरडतं. आत शिरणाऱ्याचा पत्ता लागत नाही."

त्यांच्या कारकिर्दीत तसं काही झालं नव्हतं. काकूंच्या मते तोच घोटाळा होता. "एकदा काहीतरी झालं असतं ना, तर सुटले असते हो," त्या म्हणायच्या. "झालं नाही म्हणून अजून वाट बघतायत."

आणि ते खरंच वाट बघत. विमानतळावर ते इतक्या लवकर जात की काउंटर उघडलेला नसे. कुकरची शिट्टी जरा लांबली की उठून ओट्यापाशी उभे राहत. एमआरटी मेट्रोच्या गेटवर कार्ड टेकवता टेकवता "गॅस?" म्हणून थबकत, मागची माणसं त्यांच्यावर आदळत. काकू मुकाट्याने पर्समधून फोन काढत. निघण्यापूर्वी बंद शेगडीपुढे उभं राहून काका स्वतःचा व्हिडिओ काढून घेत असत, तो त्या दाखवत. काका तो बघत, मान हलवत आणि मग गाडीत चढत. मला सुरुवातीला याचं हसू यायचं.

पण हा सगळा माणूस खरा दिसायचा तो काकी बुकिट भागात, आह सेंग नावाच्या मेकॅनिकच्या गॅरेजमध्ये, त्यांच्या जुन्या गाडीपाशी.

ती गाडी त्यांच्याकडे एका ऑस्ट्रेलियन सहकाऱ्यामुळे आली. तो रिफायनरी सोडून मायदेशी निघाला, तेव्हा ही त्याला नेता येईना. तिकडेच बनलेली, त्यामुळे स्टिअरिंग आपल्यासारखंच उजवीकडे. आठ सिलिंडरचं इंजिन, गडद हिरवा रंग, बॉनेटवर दोन काळे पट्टे, आणि लांबी एवढी की आपल्याकडच्या पार्किंगमध्ये तिचं तोंड नेहमी रस्त्यावर आलेलं. चालू केली की आधी जमीन हलायची, मग आवाज यायचा. काकू तिला म्हैस म्हणत. "रवंथ करते बघ कशी," त्या म्हणायच्या, आणि ते अगदी तसंच होतं.

सिंगापूरमध्ये अशा जुन्या गाड्या वर्षातले मोजकेच दिवस रस्त्यावर काढता येतात. बाकीचे गाडीवाले एक दिवससुद्धा फुकट घालवत नाहीत. काकांचे दिवस मात्र बहुतेक तसेच संपायचे. कारण गाडी तयारच नसायची. म्हणजे आह सेंगच्या मते ती केव्हाच तयार होती. काकांच्या मते तिच्या व्हॅक्यूमच्या नळ्या अजून मनासारख्या बसल्या नव्हत्या.

काकूंनी मला शनिवारी काकांबरोबर पाठवायला सुरुवात केली ती ते जेवायला वेळेवर घरी यावेत म्हणून. मी त्या नळ्यांत कशी अडकले, ते मला कळलं नाही.

"बोट लाव इथे," काका म्हणाले. इंजिन चालू होतं, आणि त्यांनी एका रबरी नळीचं मोकळं टोक माझ्यापुढे धरलं होतं. मी बोट लावलं. नळीने ते गपकन ओढून धरलं. मी दचकले, तसे ते खूश झाले.

"इंजिन हवा ओढतं. त्या ओढीवर ही गाडी किती कामं करते माहितीय? ठिणगी कधी पडायची ते हीच ओढ पुढे-मागे करते. ब्रेक दाबायला मदत हीच करते. वीज नाही, कॉम्प्युटर नाही. नुसती ओढ. आणि ती पोचवायला या नळ्या."

मग त्यांनी मला नळी कशी न्यायची ते शिकवलं. एक्झॉस्टपासून लांब, कारण ते तापून लाल होतं. सरळ ताणून नाही, कारण इंजिन आपल्या जागेवर डुलतं आणि ताणलेली नळी निसटते. ढिलीही नाही, कारण ढिली लोंबते, घासते आणि आतून चिरते. वळण द्यायचं तर असं की नळी दुमडणार नाही. वरून धड दिसणारी नळी आतून चिकटून बंद झालेली असू शकते, म्हणून प्रत्येक नळी जोडण्याआधी ते तिचं टोक तोंडात धरून हवा ओढत आणि जिभेने बंद करत. ओढ टिकली तर नळी पास. त्यांच्या जिभेवर कायम रबराची चव असणार. काकू म्हणायच्या, म्हणूनच यांना माझ्या आमटीत मीठ कळत नाही.

सगळ्यात महत्त्वाची ती जाड नळी, इंजिनापासून ब्रेकच्या डब्याकडे जाणारी. तिच्या टोकाला एक झडप होती. ओढ एका बाजूने जाऊ देते, परत येऊ देत नाही. "ही नळी गेली तरी डब्यात एक-दोन दाबांपुरती ओढ शिल्लक राहते," काका म्हणाले. "मग पेडल दगड होतं. ब्रेक असतात, पण तुझा पाय त्यांना पुरत नाही." ती नळी त्यांनी बॅटरीच्या बाजूने, एक्झॉस्टच्या आचेपासून शक्य तेवढी लांब फिरवली होती. ते वळण बघून आह सेंग म्हणायचा, "अंकल, दिस वन गो मलेशिया अँड कम बॅक, अ?"

आह सेंग साठीचा, बनियनवर काम करणारा, सतत कोपी, म्हणजे इथली कडक कॉफी, पिणारा. काका त्याच्याशी दर शनिवारी भांडत आणि दर शनिवारी त्याच्याबरोबर खाली हॉकर सेंटरच्या खाण्याच्या गाळ्यांत बसून नूडल्स खात.

"टाइट ऑलरेडी लाह," तो म्हणे.

"एकदा बघतो," काका म्हणत. आणि बघत. आणि परत उघडत.

बदल झाला तो मला नेमका कधी जाणवला, हे सांगता येत नाही. ज्या माणसाला सगळ्याच गोष्टींची शंका, त्याच्यात नवी शंका आलेली कशी ओळखायची? दुपारी ऑफिसात त्यांचा फोन यायचा. "अगं, परवा मी त्या नळीचा क्लॅम्प आवळला का?" मी म्हणायचे, "हो काका, माझ्यासमोर आवळलात." थोड्या वेळाने परत फोन. तोच प्रश्न, तोच सूर, आधी विचारल्याची खूण नाही. मी प्रत्येक शनिवारी निघताना इंजिनाचे फोटो काढायला लागले आणि त्यांना पाठवायला लागले. त्याने त्यांना बरं वाटायचं. मग एके दिवशी त्यांनी विचारलं, "हा फोटो आजचा कशावरून?"

मी ऑफिसच्या जिन्यात उभी होते. मी फोटोवरची तारीख त्यांना वाचून दाखवली.

घरी काकू भाजी निवडत होत्या. मी काही बोलायच्या आत त्या म्हणाल्या, "तुलाही वाटतंय ना?" मी होकारार्थी मान हलवली. त्या मेथीच्या काड्या वेगळ्या करत राहिल्या. मग म्हणाल्या, "काल यांनी शेगडीचा व्हिडिओ बघितला आणि मला विचारलं, हा माणूस कोणाच्या घरात उभा आहे."

त्यानंतर आम्ही दोघी त्यांच्याकडे बघत राहायला लागलो. हे फार वाईट असतं. माणूस चहा गाळतो, आणि तुम्ही त्याच्या हाताकडे बघता. तो एक शब्द शोधायला थांबतो, आणि तुमचा श्वास थांबतो. शब्द सापडला की तुम्ही जास्तच मोठ्याने हसता. डॉक्टरांकडे जायचा विषय काकू दर सोमवारी काढायचं ठरवत आणि काढत नसत.

मग काकूंचा वाढदिवस आला. रविवार होता. काका सकाळी सकाळी कडक इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि म्हणाले, "आज म्हैस काढतो. माउंट फेबरला जाऊ. तुला वरून समुद्र बघायचाय ना?"

इतक्या वर्षांत त्यांनी आपणहून गाडी काढायचं म्हटल्याचं काकूंना आठवत नव्हतं. त्यांच्या चेहऱ्यावर एकाच वेळी आनंद आणि भीती होती. मी आदल्या दिवशीच इंजिनाचे फोटो काढले होते, सगळं जागच्या जागी होतं, म्हणून मीच म्हणाले, "चला ना काकू."

काकू पुढे बसल्या, मी मागे. काका उत्तम चालवत होते. एक्स्प्रेसवेवर शेजारच्या गाड्यांतली मुलं काचेला नाक लावून बघत होती, काकू त्यांना हात करत होत्या. चढावर इंजिन घुमायला लागलं. वर पोचलो. समुद्र दिसला, केबल कार दिसली, काकूंचे फोटो काढले. सगळं ठीक होतं. मी मनात म्हटलं, उगाच घाबरतो आपण.

उतरायला लागलो तेव्हा काकांनी खिडकीची काच खाली केली.

"ऐकू येतंय?" ते म्हणाले.

या वेळी मला ऐकू आलं. इंजिनाच्या घुमण्याखाली एक बारीक, सलग फुसकारा.

"ब्रेकची नळी," काका म्हणाले. अगदी हळू आवाजात, जसं कोणी पत्ता सांगावा. "पट्टे घट्ट करा. घाबरू नका."

पुढे वळण होतं, आणि वळणाच्या आत सकाळचे चालायला आलेले लोक, एक आई बाबागाडी ढकलत. काकांनी गिअर खाली घेतला. गाडी गुरगुरली आणि अडखळल्यासारखी झाली. वळणावर त्यांनी एकदाच ब्रेक दाबला. तो लागला. "एक संपला," ते म्हणाले. मला ते आठवलं, एक-दोन दाब शिल्लक असतात. म्हणजे आता फार तर एक.

उतार संपत नव्हता. समोरून एक टुरिस्ट बस वर येत होती. काका गिअर आणखी खाली घेत होते, हॉर्न दाबून ठेवला होता, लोक कठड्याला चिकटत होते. काकूंनी डॅशबोर्डवर दोन्ही हात टेकले होते. काकांनी बसला जागा दिली, दुसरा दाब वापरला, आणि तिसऱ्यांदा दाबलं तेव्हा पेडल हललं नाही. दोन्ही पाय त्यावर ठेवून ते सीटवरून जवळजवळ उभे राहिले. डाव्या हाताने हँडब्रेक थोडा थोडा, थोडा थोडा ओढत त्यांनी गाडीचं डावं चाक रस्त्याच्या कडेला घासत नेलं. रबर ओरडलं. गाडी थांबली. बाबागाडीवाली बाई बरीच मागे राहिली होती.

मी काकांना इतकं शांत कधी पाहिलं नव्हतं. जन्मभर ज्याची वाट बघितली ते शेवटी आलं, आणि काय करायचं ते त्यांना माहीत होतं.

त्यांनी बॉनेट उघडलं. जाड नळी बॅटरीच्या बाजूने गेलेली नव्हती. ती जवळच्या वाटेने, थेट एक्झॉस्टवरून नेलेली होती. चढावर ते तापलं होतं आणि रबराला वितळून बोटाएवढं भोक पडलं होतं. मी फोन काढून फोटो बघितला. आदल्या दिवशीच्या, शनिवारी दुपारच्या फोटोत नळी बरोबर जागी होती.

"आह सेंग," काका म्हणाले. "त्याला किती वेळा सांगितलं, माझ्या नळ्यांना हात लावायचा नाही."

टोइंगचा ट्रक घेऊन आह सेंग स्वतः आला. काकांनी त्याला रस्त्यात गाठलं. इतक्या वर्षांच्या लुटुपुटीच्या भांडणांनंतर हे पहिलं खरं भांडण होतं. काका इंग्रजीत ओरडत होते, मध्येच मराठीत जात होते. "माय वाइफ वॉज इन द कार! माझी बायको होती आत!" आह सेंग ऐकत होता. त्याने नळी बघितली, माझ्या फोनवरचा फोटो बघितला. मग तो माझ्याकडे बघून काही बोलणार होता, पण थांबला आणि काकांकडेच वळला. हे मला त्याचं फार मोठेपण वाटतं.

"अंकल," तो म्हणाला, "यस्टरडे यू केम बॅक. आफ्टर शी गो होम. यू ओपन, यू डू अगेन. आय आस्क यू व्हाय. यू से दिस वे शॉर्टर, बेटर. देन वी ड्रिंक कोपी, यू पे."

काका त्याच्याकडे बघत राहिले. ते आठवायचा प्रयत्न करताना दिसत होते. दुकान, खुर्ची, कोपीचा कप, काहीतरी. ट्रकचा मागचा दिवा लुकलुकत होता.

"मी पैसे दिले?" त्यांनी विचारलं.

"या लाह. यू पे."

काकांनी मान हलवली. मग ते रस्त्याच्या कठड्यावर काकूंशेजारी जाऊन बसले. काकूंनी त्यांचा हात धरला नाही; पर्समधून पाण्याची बाटली काढून दिली. ते पाणी प्यायले आणि म्हणाले, "डॉक्टरची अपॉइंटमेंट घे."

नोव्हेनाच्या हॉस्पिटलमधल्या डॉक्टरबाई तरुण होत्या, सौम्य होत्या. त्यांनी काकांना काही शब्द दिले आणि थोड्या वेळाने परत विचारले. काकांना त्यातले निम्मे आले. मग काकांनीच त्यांना विचारलं, "ही टेस्ट तुम्ही एकदाच घेता? एका रीडिंगवर तुम्ही निष्कर्ष काढणार?" डॉक्टरबाई हसल्या, आणखी चाचण्या केल्या, स्कॅन केले. सगळ्यांचं उत्तर एकच आलं. विसरण्याच्या आजाराची नुसती सुरुवात होती, पण सुरुवात झाली होती.

गाडी चालवायची नाही, असं त्या म्हणाल्या तेव्हा काकूंनी आणि मी एकमेकींकडे बघितलं. काकांनी वाद घातला नाही. पाकिटातून लायसन्स काढलं आणि काकूंच्या हातात दिलं. लिफ्टमध्ये म्हणाले, "म्हैस विकून टाकू."

"विकायची नाही," काकू म्हणाल्या.

आम्ही दोघंही चकित झालो.

"ही चालवेल," काकूंनी माझ्याकडे बोट दाखवलं. "पुण्यात चालवायची ना तू? इथलं लायसन्सही आहे. हे शेजारी बसतील. मला अजून समुद्र नीट बघायचा राहिलाय. त्या दिवशी माझं लक्ष नव्हतं."

मला नाही म्हणायचं होतं. ती गाडी मला झेपणार नाही, हे मला ठाऊक होतं. पण लिफ्टचं दार उघडलं, काका बाहेर पडले, आणि मी त्यांच्यामागून चालू लागले.

नळ्या सगळ्या नव्याने टाकायच्या ठरल्या, आणि त्या मी टाकायच्या. काकांनी स्वतःवर एक नियम घातला: सांगायचं, पण हात लावायचा नाही. शनिवारी ते इंजिनापाशी दोन्ही हात पाठीमागे घट्ट बांधून उभे राहत. कधी कधी एखादा हात सुटून पुढे येई आणि ते तो दचकून मागे ओढत, तापलेल्या तव्याला लागल्यासारखा. सांगताना त्यांचं काहीच चुकत नसे. कोणती नळी कुठून, वळण केवढं, क्लॅम्प किती आवळायचा, सगळं बिनचूक. फक्त मध्येच विचारत, "ही गाडी आपण कधी घेतली?" आणि मी सांगितलं की पुढचं बरोबर तिथूनच सुरू करत.

मी नळ्या तोंडाने ओढून बघायला शिकले. रबराची चव जेवणापर्यंत टिकते, हे खरं आहे. मी क्लॅम्प आवळून घरी यायचे आणि मला वाटायचं, आवळला का? मग गॅरेज बंद व्हायच्या आत धावत परत जायचे. माझं काम तपासायला आता कोणी नव्हतं. काकांना विचारलं तर ते म्हणायचे, "मला विचारू नकोस. माझा भरवसा नाही." एका संध्याकाळी मी शटर अर्ध्यावर असताना खालून वाकून आत शिरले, तेव्हा आह सेंग म्हणाला, "अय्यो, यू ऑल्सो बिकम लाइक अंकल." मग त्यानेच टॉर्च धरला.

पहिले काही महिने मी गाडी फक्त गॅरेजच्या गल्लीत पुढे-मागे केली. मग तपासणी झाली, विम्यात माझं नाव चढलं, आणि एका रविवारी सकाळी आम्ही निघालो. डोंगर नको, असं मीच म्हटलं होतं. समुद्राकाठच्या सपाट रस्त्याने चांगी व्हिलेजपर्यंत जायचं, काकूंना पाणी दाखवायचं, परत यायचं. काका शेजारी, काकू मागे.

मी इतकी घाबरले होते की हातांना घाम येऊन स्टिअरिंग घसरत होतं. क्लच जड, बॉनेट संपतंय कुठे ते दिसत नाही. प्रत्येक आवाज मला फुसकाऱ्यासारखा वाटत होता. टायरचा, वाऱ्याचा, डोक्यावरून उतरणाऱ्या विमानाचा. दर सिग्नलला मी ब्रेक लवकर, हळूच दाबून बघायचे. पेडल मऊ होतं. प्रत्येक वेळी मऊ होतं.

थोडं पुढे गेल्यावर काकांची मान खिडकीकडे कलली. मला वाटलं ते ऐकतायत. पण काकू मागून पुढे वाकल्या आणि कुजबुजल्या, "झोपलेत."

चालत्या वाहनात काका झोपलेले त्यांनी लग्नापासून पाहिले नव्हते. विमानातसुद्धा ते इंजिनांचा आवाज ऐकत बसायचे. परत वळायची जागा आली तेव्हा काकू म्हणाल्या, "वळू नकोस. चालू दे अशीच." मग मी चांगी व्हिलेजवरून पुढे गेले, परत आले, पुन्हा गेले. परत येताना डावीकडे पाणी होतं, त्यावर जहाजं उभी होती, आणि काकू आपल्या झोपलेल्या नवऱ्याच्या खांद्यावरून तो समुद्र बघत होत्या.

शेवटी हॉकर सेंटरपाशी गाडी थांबवली. इंजिन बंद झाल्यावर काका जागे झाले. त्यांनी डॅशबोर्डवर हात फिरवला, मला बघितलं, मागे काकूंना बघितलं आणि हसले.

"छान चालते," ते म्हणाले. "कुणाची गाडी?"

काकू म्हणाल्या, "ओळखीच्यांची. उतरा, चहा घेऊ."

ते उतरले. पण चहाकडे न जाता गाडीच्या पुढे जाऊन उभे राहिले आणि संकोचून मला म्हणाले, "जरा बॉनेट उघडायला हरकत नाही ना? ते रागावणार नाहीत ना?"

मी उघडलं. काका वाकले. हात त्यांनी पाठीमागेच ठेवले होते. एकेक नळी ते डोळ्यांनी सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघत गेले, जशी ती जाते तसे. जाड नळीपाशी आले, बॅटरीच्या बाजूचं ते लांबचं वळण त्यांनी पूर्ण पाहिलं, झडपेपर्यंत. इतका वेळ गेला की मला वाटलं त्यांना काहीतरी दिसलं.

मग ते सरळ उभे राहिले.

"ज्याने कोणी हे केलंय ना," ते म्हणाले, "त्याला काम येतं. सांग त्याला."

काकूंनी तोंड फिरवलं आणि त्या चहाच्या रांगेकडे चालू लागल्या. मी बॉनेट खाली घेतलं.

"सांगते हं काका," मी म्हणाले.